वाचकांचे प्रश्न : गारगोटी खरी, पण सहा बाजू कुठं आहेत?

प्रश्न : मॅडम, आमचं शेत पन्हाळा तालुक्यात आहे. यंदा उन्हाळ्यात जुनी विहीर खोल करायला घेतली. साधारण 45 फुटांवर कंप्रेसर चालू असताना काळ्या पाषाणात रांजणाच्या तोंडाएवढी पोकळी लागली. आत पांढरे, वरून साखर चिकटवल्यासारखे चमकणारे सुळे होते. एकेक सुळा बोटाएवढा आणि बहुतेक आतून पोकळ. आमचा भाचा म्हणतो ही गारगोटी, कारण काचेवर ओरखडा उठतो. पण त्याच्याच पुस्तकात गारगोटीच्या स्फटिकाला सहा सारख्या बाजू दाखवल्यात, त्या आमच्या सुळ्यांना दिसत नाहीत. कोल्हापूरच्या गुजरीत एका सराफाला दाखवलं, त्यांनी काच आहे म्हणून परत दिलं. गावात आलेला एक माणूस मात्र हा कच्चा हिरा आहे, सगळ्याचे मिळून 5,000 रुपये देतो म्हणाला. सासऱ्यांनी एक सुळा देव्हाऱ्यात ठेवलाय. फोटो पाठवते आहे. हे नक्की काय आहे?
(एक वाचक, ता. पन्हाळा)

उत्तर : ताई, फोटो बघताच मला एक अंदाज आला होता. पण नुसत्या फोटोवरून दगडाचं नाव सांगायचं नाही, हा नियम मी बत्तीस वर्षं वर्गात पाळला आणि निवृत्तीनंतरही मोडलेला नाही. म्हणून तुम्हाला फोन करून नमुने घेऊन यायला सांगितलं. तुम्ही, तुमचे सासरे तात्या आणि भाचा असे तिघं रंकाळ्याजवळ माझ्या घरी आलात, दोन तास बसलात. त्या दोन तासांत जे पाहिलं ते इथं सविस्तर लिहिते. आपल्या जिल्ह्यात दर उन्हाळ्यात कितीतरी विहिरी खोल होतात आणि असे तुकडे मुरमाबरोबर बांधावर जाऊन पडतात. ते पडू नयेत असं मला मनापासून वाटतं.

आधी उत्तर सांगते. तुमच्याकडं आहे ती गारगोटीच, म्हणजे क्वार्ट्झ. भाच्याचं बरोबर आहे. पण सुळ्याचा आकार मात्र गारगोटीचा नाही, तो कॅल्साइट नावाच्या दुसऱ्याच खनिजाचा आहे. पोकळीत आधी कॅल्साइटचे सुळे वाढले, त्यांच्यावर गारगोटीचा पातळ थर बसला, पुढं केव्हातरी आतलं कॅल्साइट विरघळून गेलं आणि वरचं कवच तेवढं उरलं. अशा कवचाला भूशास्त्रात एपिमॉर्फ म्हणतात. तुम्ही हातात धरलाय तो एका नाहीशा झालेल्या स्फटिकाचा साचा आहे.

आता हे कशावरून, ते बघू.

टेबलावर मी पांढरं ताट ठेवलं होतं. सोबत 10 पट मोठं दाखवणारं भिंग, पेनाएवढा खिशातला चाकू, जुन्या खिडकीच्या काचेचा तुकडा, वाटीत व्हिनेगर आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. यातलं भिंग सोडलं तर सगळं कुणाच्याही घरात असतं. भाच्यानं काचेवर ओरखडा काढून दाखवला, तो खरा होता. पण काचेवर ओरखडा पुष्कळ दगडांनी उठतो, फेल्डस्पारनंही उठतो. म्हणून चाकूचं टोक मी सुळ्यावर जोरात ओढलं. करडी रेघ उठली. भाचा लगेच म्हणाला, "ओरखडा पडला की!" मी त्याला बोट ओलं करून ती रेघ पुसायला सांगितली. रेघ पुसली गेली आणि खाली काहीच नव्हतं. म्हणजे झिजलं होतं ते पोलाद. त्याची पूड दगडावर लागली होती, एवढंच. इथं पुष्कळ जण फसतात आणि कठीण दगडाला मऊ ठरवून मोकळे होतात. रेघ पुसून बघितल्याशिवाय चाकूची परीक्षा पुरी होत नाही.

खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 अशा मापात मोजतात. साधारण चाकू आणि काच साडेपाचच्या आसपास, गारगोटी 7, कॅल्साइट फक्त 3, हिरा 10. चाकूनं ओरखडला गेला नाही म्हणजे कॅल्साइट बाद. आपल्या दख्खनच्या खडकात आणखी एक खनिज लोकांना फसवतं, ते म्हणजे ॲपोफिलाइट. तेही पाण्यासारखं स्वच्छ, टोकदार, आणि बाजारात त्यालाही सरसकट स्फटिक म्हणतात. पण ते साडेचार-पाचच्या वर जात नाही, चाकूला दाद देतं, एका दिशेनं सपाट पापुद्र्यांत फुटतं आणि त्या सपाट तोंडावर मोत्यासारखी झाक असते. शिवाय ॲपोफिलाइटच्या खांबावर बारीक रेघा उभ्या असतात, गारगोटीच्या खांबावर आडव्या. एवढं लक्षात ठेवलं तर निम्मी गल्लत टळते. तुमचा मोडका तुकडा बघा, तो सपाट फुटलेला नाही. फुटक्या जाड काचेसारखी गोलसर, शिंपल्यासारखी फूट आहे. गारगोटी अशीच फुटते.

सराफांनी काच म्हटलं ते बहुधा याच फुटीमुळं. त्यांना दोष द्यायचं कारण नाही, त्यांचं काम सोन्याचं आणि पैलू पाडलेल्या खड्यांचं. काच आणि गारगोटी हातात घेऊन बघायची एक जुनी रीत आहे. दोन्ही सावलीत ठेवायचे आणि मग गालाला लावायचे. गारगोटी जास्त गार लागते, कारण ती अंगातली ऊब काचेपेक्षा लवकर ओढून घेते. तात्यांनी डोळे मिटून पाच वेळा ओळखलं, पाचही वेळा बरोबर.

मग वजन. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणला. सुळ्यांच्या बुडाशी असलेला एक भरीव तुकडा आधी नुसता मोजला होता, 66 ग्रॅम. तो दोऱ्याला बांधून तळाला न टेकवता पाण्यात सोडला. काट्यानं 25 दाखवले. तुकड्यानं तेवढं पाणी बाजूला सारलं. 66 भागिले 25 म्हणजे 2.64. गारगोटीची घनता 2.65. भाचा खूश झाला, पण मी त्याला थांबवलं. कॅल्साइटची घनता 2.71 आहे आणि घरातला काटा एका ग्रॅमनं इकडंतिकडं दाखवू शकतो. या दोघांमधला फरक असा काटा सांगणार नाही. तो चाकूनंच सांगितलाय. काट्यानं बाद केलं ते ॲपोफिलाइट, जे 2.4 च्या आत राहतं, आणि हिरा, जो साडेतीनच्या थोडा वर जातो. हिऱ्याचं आणखी एक. तो किंबर्लाइटसारख्या फार खोलातून वर आलेल्या खडकात सापडतो, आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळीत नाही. तुमच्या दारात आलेला माणूस हे जाणून बोलला की न जाणता, मला माहीत नाही. पण त्याला एकही तुकडा देऊ नका.

आता तुमचा खरा प्रश्न, सहा बाजूंचा. तो तुम्ही विचारलात याचा मला फार आनंद झाला. पुस्तकात एक लिहिलंय आणि हातातल्या दगडात दुसरं दिसतंय, हे बघून जो थांबतो त्यालाच पुढचं दिसतं.

गारगोटीच्या खांबाला सहा बाजू असतात आणि शेजारच्या दोन बाजूंमधला कोन नेहमी 120 अंश भरतो. स्फटिक सुईएवढा असो की माणसाएवढा, एक बाजू रुंद आणि दुसरी चिंचोळी असो, कोन बदलत नाही. निकोलस स्टेनो या अभ्यासकानं 1669 मध्ये हे मांडलं, आणि मांडताना त्याच्यासमोर गारगोटीचेच स्फटिक होते. मग मी जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद कापला, कंपासपेटीतल्या कोनमापकानं त्यावर 120 अंशांची खाच केली आणि ती तुमच्या सुळ्यावर बसवून बघितली. कुठंच बसेना. सुळ्याला आडवं बघितलं तर कडा सहाच होत्या, पण एक बोथट, पुढची धारदार, मग परत बोथट, अशा आलटून पालटून. कॅल्साइटचा कुत्र्याच्या सुळ्यासारखा दिसणारा स्फटिक नेमका असाच असतो. त्याच्या एका टोकाला सहा बाजू, पण जोडीजोडीनं, आणि कडा एकाआड एक बोथट नि धारदार. इंग्रजीत त्याला डॉगटूथ, म्हणजे कुत्र्याचा दातच म्हणतात.

एवढं झाल्यावर भिंग तुमच्या हातात दिलं आणि साखरेसारख्या दाण्यांकडं बघा म्हटलं. तुम्ही बराच वेळ काही बोललाच नाहीत. मग म्हणालात, "मॅडम, प्रत्येक दाण्याला टोक आहे." हो. प्रत्येक दाणा हा स्वतंत्र गारगोटीचा स्फटिक आहे, मोहरीहून लहान, आणि त्याच्या टोकाला सहा उतरत्या बाजू आहेत. तुमच्या गारगोटीच्या सहा बाजू कुठं हरवल्या नव्हत्या. त्या सुळ्याच्या अंगावर शेकड्यांनी होत्या, फक्त डोळ्याला दिसतील त्याहून लहान होत्या.

याच्याही पुढं एक पुरावा हवा होता, तो आतून मिळाला. बुडाशी मोडलेल्या सुळ्यात मोबाईलची बॅटरी धरली. बाहेरून दाणेदार दिसणारा सुळा आतून गुळगुळीत होता, आणि त्या गुळगुळीत भिंतीवर एकमेकींना समांतर अशा केसाएवढ्या बारीक पायऱ्या होत्या. कॅल्साइट वाढताना त्याच्या अंगावर पडलेल्या पायऱ्या गारगोटीनं उलट्या करून घेतल्या होत्या, शेणानं सारवलेल्या ओल्या जमिनीवर पावलाचा ठसा उमटावा तशा. त्याच सुळ्याच्या अगदी टोकाशी, जिथं पाणी पोचायला अडचण झाली असेल, तिथं मधाच्या रंगाचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा अडकलेला होता. सुईनं खरवडला तर लगेच पूड झाली. ती पूड ताटात घेऊन व्हिनेगरचा एक थेंब सोडला. नुसत्या डोळ्याला काही दिसलं नाही. भिंगाखाली बारीक बुडबुडे एकामागून एक वर येताना दिसले. कॅल्साइटवर आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचे ते बुडबुडे. गारगोटीवर व्हिनेगर दिवसभर ठेवलं तरी असं होत नाही. ती कणी म्हणजे मूळच्या सुळ्याचा उरलेला शेवटचा भाग. ती मी परत जागेवर ठेवू शकले नाही, पण निम्मी पूड कागदाच्या पुडीत बांधून तुम्हाला दिली आहे. ती जपा.

यावर तात्यांनी विचारलं, "पर मॅडम, आतनं कोरलं कुणी ओ ह्ये?" 

तुमचे मिस्टर शिरोलीच्या फाउंड्रीत आहेत, तर साचा कसा होतो हे तुमच्या घरात सांगायला नको. पॅटर्न म्हणजे हव्या त्या वस्तूच्या आकाराचा नमुना, त्याच्याभोवती वाळू ठोकतात, पॅटर्न काढून घेतात, आकार वाळूत राहतो. ती वाळूही सिलिकाची, म्हणजे बारीक गारगोटीच. इथं पॅटर्न कॅल्साइटचा होता आणि वाळू ठोकण्याचं नि पॅटर्न काढण्याचं काम पाण्यानं केलं. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरत होते. जोतिबाच्या वाटेवर रस्त्यासाठी कापलेले कडे बघितलेत तर ते आडवे थर दिसतात. थर थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, तुमच्या विहिरीतली त्यातलीच एक. पुढं खडकातून फिरणारं गरम पाणी कॅल्शियम, सिलिका असं काय काय विरघळवून आणत राहिलं आणि पोकळीच्या भिंतीवर एकेक खनिज बसत गेलं. त्या क्रमात आपल्याकडं कॅल्साइट, गारगोटी, स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट असे किती तरी येतात.

पण बसलेलं कॅल्साइट परत विरघळेल का आणि गारगोटी का नाही विरघळणार? हे तुमच्या घरातल्या बंबात बघा. विहिरीचं जड पाणी तापवलं की आतून पांढरा थर धरतो. तो थर मुख्यतः कॅल्साइटच. म्हणजे पाणी तापलं की कॅल्साइट बाहेर पडतं, आणि पाणी गार होत गेलं, त्यात कार्बन डायऑक्साइड मुरलेला असला, की कॅल्साइट जास्त विरघळतं. सिलिकाचं याच्या उलट आहे. ती गरम पाण्यात जास्त विरघळते आणि पाणी गार झालं की बाहेर येऊन बसते. त्यामुळं एकच पाणी थंड होता होता वरून गारगोटीचा थर देऊ शकतं आणि आतलं कॅल्साइट उचलून नेऊ शकतं. तुमच्या सुळ्यांची भिंत दोन-तीन मिलिमीटरच आहे, तिच्या दाण्यांमधल्या फटींतून आणि बुडाकडून पाणी आत गेलं असणार. हे ऐकून तात्या म्हणाले, "म्हंजी पाण्यानंच घडीवलं आन् पाण्यानंच पोकळ केलं." याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

ताई, इथं मला माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती तुमच्या हातून होऊ नये. मी एम.एस्सी.ला असताना अभ्यासदौऱ्यात पुणे जिल्ह्यातल्या एका खाणीत मला असाच गुच्छ मिळाला होता, तुमच्याहून मोठा. त्यावर पिवळट कॅल्साइट चिकटलेलं होतं. मला तो स्वच्छ, पांढराशुभ्र करून दाखवायचा होता. मी रात्रभर आम्लात ठेवला. सकाळी गारगोटी अतिशय सुंदर दिसत होती. आमच्या सरांनी तो हातात घेतला, आत बघितलं आणि एवढंच विचारलं, "आत काय होतं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. जे सांगू शकलं असतं ते मी मोरीत ओतून टाकलं होतं. तो गुच्छ अजून माझ्याकडं आहे, पण त्याच्या चिठ्ठीवर "कॅल्साइटवरून, बहुधा" असंच लिहावं लागलं. त्यातला "बहुधा" मला अजून टोचतो.

म्हणून बाथरूम धुवायचं ॲसिड, लिंबू, व्हिनेगर, काहीही या सुळ्यांवर घालू नका. साधं पाणी आणि मऊ टूथब्रश पुरे. आतली माती निघत नसेल तर राहू द्या. प्रत्येक सुळा वेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळा, ही कवचं एकमेकांवर आपटली तरी फुटतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चिठ्ठी. गाव, शेताचा गट नंबर, विहिरीच्या कुठल्या अंगाला, किती फुटांवर, कुठल्या तारखेला. तुम्ही 45 फूट लक्षात ठेवलंत हे फार चांगलं केलंत. नाव कधीही तपासून काढता येतं, पण कुठून आला हे एकदा विसरलं की दगडाकडं कितीही बघून कळत नाही. काम अजून चालू असेल तर उरलेली पोकळी बुजण्याआधी आतून फोटो काढून घ्या, शेजारी एक नाणं किंवा फूटपट्टी ठेवून. कंप्रेसरवाल्यांनाही सांगून ठेवा. पोकळी लागली की दहा मिनिटं हात थांबवा, एवढंच. माझ्या अनुभवात ती माणसं ऐकतात, कारण दगड त्यांच्याइतका जवळून दुसरं कुणी बघत नाही.

किंमत किती, हे मी सांगणार नाही. मी व्यापारी नाही, आणि संग्रह करणारे लोक असा गुच्छ अखंड असेल, मूळ खडकाला धरून असेल आणि जागेची नोंद असेल तरच मान देतात. सुटे सुळे विकून टाकण्यापेक्षा एखाद-दुसरा भाच्याच्या शाळेला द्या. सवड मिळेल तेव्हा त्याला सिन्नरचं गारगोटी नावाचं खनिज संग्रहालय दाखवा, नाशिकपासून जवळ आहे. एवढं सगळं आपल्याच पायाखालच्या खडकातून निघतं हे त्यानं डोळ्यांनी बघावं. तोवर घरी करण्यासारखं एक सांगते. हे सुळे नव्हे, ओढ्यात मिळणाऱ्या साध्या पांढऱ्या दोन गारगोट्या घेऊन अंधाऱ्या खोलीत एकमेकींवर जोरानं घासायच्या. आतून पिवळसर उजेड पेटून विझतो आणि जळका वास येतो. पाण्यात धरून घासल्या तरी उजेड पडतो. डोळ्यांत कपचा जाऊ नये म्हणून चष्मा घालायला सांगा.

जाताना तात्यांनी दारात विचारलं होतं, आता हा देव्हाऱ्यात ठेवू का नको. तात्या, खुशाल ठेवा. फक्त हळद-कुंकवाचं पाणी आणि पंचामृत त्याच्यावर नको, दही नि लिंबू आंबट असतं आणि टोकाशी कॅल्साइटची आणखी एखादी कणी असेल तर ती जाईल. फूल वाहा.

प्रश्न : माझ्याकडं जांभळा ॲमेथिस्टचा गुच्छ आहे. दोन वर्षं खिडकीत ठेवला, आता फिका पडलाय. नकली निघाला का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. ॲमेथिस्ट म्हणजे जांभळी गारगोटीच, आणि खरा ॲमेथिस्टही उन्हात फिका पडतो. गारगोटीत शिरलेलं किंचित लोह आणि खडकातला नैसर्गिक किरणोत्सर्ग मिळून तो जांभळा रंग होतो, आणि बराच काळ ऊन लागलं की तो उतरतो. तापवला तर पिवळाही होतो. बाजारात सिट्रीन नावानं मिळणारा पुष्कळसा पिवळा खडा म्हणजे भट्टीत तापवलेला ॲमेथिस्टच असतो. गेलेला रंग घरी परत आणता येत नाही. उरलेला वाचवायचा तर गुच्छ खिडकीतून काढून कपाटात ठेवा.

प्रश्न : प्रदर्शनात सप्तरंगी स्फटिकांचा छोटा गुच्छ घेतला. विकणारा म्हणाला जळगावचा आहे, नैसर्गिक रंग आहे. घरचे म्हणतात रंगवलेला आहे. कसं ओळखायचं?
(एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : दोन्ही गोष्टी असू शकतात, त्यामुळं तुमच्या घरचेही उगाच बोलत नाहीत. जळगाव जिल्ह्यात इंद्रधनुष्यी झाक असलेली गारगोटी खरोखर सापडते आणि त्यात रंगद्रव्य नसतं. स्फटिकाच्या टोकावरच्या बाजूंखाली अतिशय बारीक रचना असते, तिच्यावरून प्रकाश परतताना रंग वेगळे होतात. दुसरीकडं, साध्या गारगोटीवर निर्वात पेटीत टायटॅनियम, सोनं अशा धातूंच्या वाफेचा थर चढवूनही सप्तरंगी माल करतात.

गुच्छ खिडकीपाशी न्या, ऊन थेट नको, आणि हळूहळू फिरवा. एका टोकाच्या सहा उतरत्या बाजू एकेक करून मोजत बघा. नैसर्गिक असेल तर रंग काहीच बाजूंवर दिसेल आणि शेजारची बाजू कोरी असेल. थोडं फिरवलं की तो विझेल, परत आणलं की पेटेल. खांबाच्या उभ्या बाजूंवर तो नसेल. थर चढवलेला असेल तर रंग सगळीकडं सारखा असेल, टोकावर, खांबावर, दोन स्फटिकांच्या मधल्या बेचक्यांत, कसाही धरला तरी. मग गुच्छ उलटा करा. बुडाचा मोडका भाग, जिथं तो खडकापासून सुटला तिथं, आणि एखादी टवका गेलेली कड बघा. फुटलेल्या जागेवरही तसाच निळा-सोनेरी रंग पसरलेला असेल तर तो फुटल्यानंतर चढलाय, म्हणजे माणसानं चढवलाय.

तिसरीही एक शक्यता आहे. रंग पृष्ठभागावर नसून आत कुठंतरी एका तिरक्या पडद्यावर तरंगताना दिसला तर ती आतली चीर. चिरेतल्या हवेच्या पातळ थरानं असे रंग दिसतात. ती कुठल्याही गावच्या गारगोटीत असू शकते.

हे सगळं बघून झाल्यावरही ठरत नसेल तर मला तीन फोटो पाठवा. एक टोकाचा, एक तोच गुच्छ थोडा फिरवून, आणि एक बुडाचा. तिन्हीत शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. फ्लॅश बंद करा, त्यानं रंग उडतो.